विजेचे गुपित आणि जनतेचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरीची वीज गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, कचेऱ्या थंडावल्या आणि करोनाच्या साथीशी झुंजणाऱ्या रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. हे कशामुळे घडले, असा प्रश्न विचारला जाणे साहजिकच होते. त्या प्रश्नाला पुढे एक सोडून दोन उत्तरे मिळाली. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री श्री. अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की, ह्यामागे संगणकमार्गे केलेला घातपात असण्याची शक्यता दिसते. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री श्री. आर. के. सिंह यांनी सांगितले की, घातपाताचा येथे संबंध नाही. चूक माणसाची आहे. दोन्ही मंत्री जबाबदार पदांवरचे, दोघांच्याही हाताशी अहवाल होते. परंतु त्या सकाळी अंधारलेल्या जिन्यातून चाचपडत उतरलेल्या नागरिकाने कोणाचे खरे मानावे?

ह्या तारखेस आणखी एक अर्थ आहे. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम देशभर पूर्णपणे अमलात आला तो १२ ऑक्टोबर २००५ रोजी. त्यास बरोबर पंधरा वर्षे झाली त्याच दिवशी देशाची आर्थिक राजधानी काळोखात गेली, आणि काळोखाचे कारण आजही लोकांना दोन तोंडांनी सांगितलेले आहे. योगायोगाला फार महत्त्व देऊ नये हे आम्ही जाणतो. पण विजेच्या जाळ्याविषयीची कोणती माहिती राज्याने झाकून ठेवावी आणि कोणती जनतेपुढे मांडावी, ह्या प्रश्नाची दोन्ही टोके ह्या एकाच तारखेत सापडतात, हे खरे.

वऱ्हाडाचा संबंध काय?

मुंबईची कथा अमरावती-अकोल्याच्या वाचकांस कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, मुंबई विजेच्या वाटेच्या एका टोकाला आहे, आणि ती वाट आपल्या शेतांवरून जाते. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा येथे पूर्व विदर्भात वीज निर्माण होते आणि पश्चिमेकडे वाहते. तिरोड्याहून निघालेली ७६५ किलोव्होल्टची वाहिनी अकोल्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाते. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातील पारसचे औष्णिक केंद्र १९६० च्या दशकापासूनचे. तेथील जुने संच निवृत्त झाले आणि आज २५० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे २७० मेगावॅटच्या पाच संचांचा खाजगी प्रकल्प आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यास मिळाले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच जाळे आहे. ह्या जाळ्याची एक मोठी गाठ वऱ्हाडात आहे. गाठ जेथे असते तेथे राखणही हवी, आणि राखण कशी चालली आहे हे विचारण्याचा हक्कही तेथील लोकांना हवा.

भीती खोटी नाही

प्रथम सरकारच्या बाजूचे जे न्याय्य आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. विजेच्या जाळ्यावर हल्ला होतो ही आता कादंबरीकारांची कल्पना राहिलेली नाही. १६ एप्रिल २०१३ च्या रात्री अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्रावर हल्लेखोरांनी आधी दूरध्वनीच्या तारा कापल्या आणि मग रायफलींतून गोळ्या झाडून १७ रोहित्रे निकामी केली. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून दूर बसलेल्या हातांनी उपकेंद्रांचे स्विच उघडले आणि ऐन हिवाळ्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. ते हात महिनोन् महिने आधीच आत शिरलेले होते. एका फसव्या ई-पत्राने त्यांना वाट मिळाली होती. आपल्याकडेही भार प्रेषण केंद्रांच्या संगणकांवर असे प्रयत्न झाल्याचे केंद्र सरकारने मान्य केले आहे. ते निष्फळ ठरले, असेही सांगितले आहे. २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात विजेच्या यंत्रणेवर सुमारे दोन लाख सायबर हल्ले झाले आणि ते परतविले गेले, असे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. ह्या दोन लाखांत किरकोळ चाचपणी किती आणि खरा घाला किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तरीही शत्रू दाराशी आहे, एवढे त्यावरून नक्कीच कळते.

ह्या धोक्याला तोंड देण्यासाठी सरकारने नियमांची एक चौकट उभी केली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७० प्रमाणे, जी संगणकव्यवस्था बंद पडल्यास राष्ट्राची सुरक्षा, अर्थव्यवहार, आरोग्य वा जनतेचे जीवित धोक्यात येईल, ती 'संरक्षित प्रणाली' म्हणून घोषित करता येते. तीत अनधिकाराने शिरणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अशा प्रणालींवर देखरेख करण्यासाठी जानेवारी २०१४ मध्ये एक राष्ट्रीय केंद्र नेमले गेले. २०१८ च्या नियमांनी प्रत्येक संरक्षित प्रणालीला माहिती सुरक्षेचा जबाबदार मुख्य अधिकारी आणि एक सुकाणू समिती असलीच पाहिजे असे ठरविले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली: यंत्रे चालविणारे संगणक इंटरनेटपासून अलग ठेवा, साहित्य विश्वासू पुरवठादारांकडूनच घ्या, कालबाह्य यंत्रणा टप्प्याटप्प्याने काढा, कर्मचाऱ्यांना शिक्षण द्या, वेळोवेळी तपासणी करून घ्या. एप्रिल २०२२ च्या आदेशाने, सायबर घटना घडल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती 'सर्ट-इन' ह्या केंद्रीय संस्थेस कळविणे बंधनकारक झाले. हे सारे योग्य आहे. किंबहुना ते आणखी आधी व्हावयास हवे होते.

मात्र ह्याच मालिकेतील पुढचे पाऊल आम्हांस विचारात पाडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सर्ट-इन' ही संस्थाच माहितीच्या अधिकाराच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग ह्यांच्या आरोपांपुरते दार कायद्याने उघडे ठेवलेले आहे. बाकी दार बंद. म्हणजे घटना घडली की वीज कंपनीने सहा तासांत ज्या ठिकाणी वर्दी द्यावयाची, त्या ठिकाणी नागरिकाला मात्र प्रश्न विचारता येत नाही. वर्दी वर जाते. खाली काही येत नाही.

प्रश्नपत्रिकेचे पाकीट

वृत्तपत्राच्या धंद्यात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. परीक्षेच्या दिवसांत प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे कपाटात ठेवली जात. किल्ली कोणाकडे आहे हे ठरलेले असे. पाकीट कोणी घेतले, केव्हा घेतले, ह्याची नोंद होई. घंटा होण्यापूर्वी त्या पाकिटातील एक अक्षरही बाहेर फुटले तर शाळेची अब्रू जाई. गुप्तता किती पवित्र असते हे शिक्षकाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

परंतु त्या गुप्ततेला तीन मर्यादा होत्या, आणि आज तीन-साडेतीन दशकांनंतर त्या आम्हांस अधिकच स्पष्ट दिसतात. एक तर ती फक्त प्रश्नपत्रिकेपुरती होती. शाळेची हजेरी, फीचा हिशेब, पडक्या वर्गाच्या दुरुस्तीचा खर्च ह्यांना ते मोहोरबंद पाकीट लागू नव्हते. दुसरे म्हणजे तिला वेळेचा शेवट होता. घंटा झाली की तोच कागद शंभर मुलांच्या हाती जाई आणि दुपारी गावभर त्याची चर्चा होई. तिसरे म्हणजे ती राखण्याची जबाबदारी एका नाव असलेल्या माणसावर होती. आणि निकाल? तो तर फळ्यावर लागे. मुले किती नापास झाली हे सांगितल्याने परीक्षेची गुप्तता भंगते, असे कोणा मुख्याध्यापकाने म्हटले असते तर पालकांनी त्याची गय केली नसती.

विजेच्या जाळ्याविषयीची माहितीही ह्याच न्यायाने तपासली पाहिजे. नियंत्रण संगणकांचे परवलीचे शब्द, दूरस्थ प्रवेशाचे मार्ग, संरक्षक रिलेंची मांडणी, कोणती दोन उपकेंद्रे एकाच वेळी पडली तर कोणता प्रदेश अंधारात जाईल ह्याचा अभ्यास, पहाऱ्याच्या पाळ्या ही प्रश्नपत्रिका होय. ती कपाटात असावी आणि कपाटाला चांगले कुलूप असावे. परंतु वीज किती वेळा गेली, किती तास गेली, कोणत्या चुकीमुळे गेली, किती माणसे व जनावरे तारेला चिकटून दगावली, दुरुस्तीवर किती पैसा खर्ची पडला, सुरक्षेची तपासणी वेळेवर झाली की नाही, हा निकाल होय. तो फळ्यावरच लागला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते पुरेसे सोपे आहे. अडचण अशी की, आजच्या नियमांत प्रश्नपत्रिका कोठे संपते आणि निकाल कोठे सुरू होतो, ही रेघ सामान्य नागरिकाला वाचता येईल अशी कोणी आखलेली नाही.

झाकणे म्हणजे राखणे नव्हे

गुप्ततेच्या अतिरेकामागे एक समजूत असते की, जे कोणाला ठाऊक नाही ते सुरक्षित आहे. ह्या समजुतीची किंमत आपल्याच प्रांताने एकदा मोजली आहे. मेळघाटातील गाविलगड हा दुर्गम म्हणून ख्यात असलेला किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. बाहेरील कोट तोफांनी फोडल्यावर आतल्या किल्ल्यापुढे दरी आडवी आली. तेव्हा एक तुकडी शिड्या घेऊन ती चढण चढली, तटावरून आत उतरली आणि तिने आतून दरवाजा उघडला. त्या चढणीचा नकाशा कोणी विकला म्हणून गड पडला नाही. दरी अवघड आहे, तिकडून कोण येतो, ह्या भरवशावर राहिल्याने तो पडला. युक्रेनच्या वीज कंपन्यांची गतही हीच. तेथे शत्रूने चोरलेला नकाशा निर्णायक ठरला नाही. कर्मचाऱ्याने उघडलेले एक पत्र आणि नीट न राखलेले परवलीचे शब्द निर्णायक ठरले.

शिवाय काही गोष्टी मुळातच झाकता येत नाहीत. मूर्तिजापूरच्या रस्त्याने एस. टी.तून जाणाऱ्या शाळकरी मुलालाही उच्चदाबाचे मनोरे दिसतात. उपग्रहचित्रांत उपकेंद्राचे अंगण घरबसल्या पाहता येते. केंद्र सरकारनेच १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीचे जुने निर्बंध सैल केले, कारण जे जगाला मोफत दिसते ते स्वदेशातील अभियंत्याला परवान्याशिवाय मिळू नये ह्यात काही शहाणपण नाही हे त्यास पटले. अशा काळात एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेतातून जाणाऱ्या वाहिनीचा आराखडा आणि मनोऱ्याखालच्या जमिनीच्या मोबदल्याचा हिशेब मागितला, आणि त्यास 'सुरक्षेच्या कारणास्तव' असे उत्तर मिळाले, तर शत्रूपासून काय वाचले? मनोरा तर त्याच्या बांधावर उभा आहे. वाचला असेल तर तो मोबदल्याचा हिशेबच.

उजेडानेही जाळे राखले जाते

ह्याच्या उलट, माहिती उघडी ठेवल्यानेच वीजव्यवस्था बळकट झाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. देशाच्या जाळ्याची नाडी म्हणजे त्याची वारंवारिता. ती ५० हर्ट्झच्या आसपास राहिली तर प्रकृती ठीक. ही नाडी क्षणोक्षणी भार प्रेषण केंद्रांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते. पश्चिम विभागात २००२ च्या जुलैपासून, ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढून नाडी बिघडविणाऱ्यास त्या प्रमाणात पैसे भरावे लागण्याची पद्धत सुरू झाली. कोण किती ओढतो हे सर्वांस दिसू लागले, आणि जी शिस्त विनंतीपत्रांनी आली नव्हती ती ह्या उघड्या हिशेबाने येऊ लागली.

त्याहून मोठे उदाहरण २०१२ चे आहे. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर उत्तरेचे जाळे कोसळले; दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली आणि साठ कोटींहून अधिक वस्तीचा प्रदेश अंधारात गेला. आपले पश्चिमेचे जाळे त्या वेळी तगले. त्यानंतर चौकशी समिती बसली आणि तिचा अहवाल त्याच ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. बिना-ग्वाल्हेर वाहिनी कशी तुटली, संरक्षक रिले कशी चुकली, कोणी ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढली, हे त्यात नावागावासह होते. तो अहवाल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वाचला, नियामकांनी वाचला, वृत्तपत्रांनी छापला. त्यामुळे देश दुबळा झाला असे कोणी म्हणू शकेल काय? उलट पुढील सुधारणांचा पायाच त्याने घातला. २०१२ चा हा मोकळेपणा आणि २०२१ मधील मंत्र्यांची दोन तोंडे, ह्यांतील अंतर वाचकांनी स्वतःच मोजावे.

'सुरक्षा' हा शब्द खाली झिरपतो

आमची खरी भीती दिल्लीतील अधिकाऱ्यांविषयी नाही. एखाद्या गोष्टीला वरच्या पातळीवर 'गुप्त' म्हणण्याची मुभा मिळाली की, तो शब्द पाण्यासारखा खाली झिरपतो आणि सर्वात खालच्या टेबलापर्यंत पोहोचतो. समजा, वरुडकडच्या एका संत्राबागाईतदाराची डीपी एप्रिलच्या उन्हात जळाली. आंबिया बहाराची फळे झाडावर आहेत, बोअरवेलची मोटर बंद आहे, आणि दिवसामागून दिवस जातात. नियामक आयोगाचे विनियम सांगतात की, जळालेले रोहित्र ठराविक तासांत बदलून मिळावे; न मिळाल्यास ग्राहकास भरपाई मिळावी. ही भरपाई मागावयाची तर तक्रार केव्हा नोंदली गेली, रोहित्र केव्हा उपलब्ध झाले, त्याच्या आधी कोणाला दिले गेले, हे कागद हाती हवेत. किंवा समजा, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल मालकाला आपल्या फीडरवर वर्षभरात किती वेळा वीज गेली हे हवे आहे. किंवा दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात शेतावर लोंबकळणाऱ्या तारेची तपासणी शेवटी कधी झाली हे एखाद्या विधवेला विचारावयाचे आहे, कारण तिचा कर्ता माणूस त्या तारेने गेला. ह्या तिघांना 'यंत्रणेच्या सुरक्षेस बाध येईल' एवढ्या एका वाक्याने परत पाठविणे किती सोपे आहे! ते वाक्य लिहिणाऱ्यास काही सिद्ध करावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात देशद्रोहाची शंका यावी इतके ते भारी वाटते.

कायदा मात्र असे वाक्य पुरेसे मानीत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ८ मध्ये राज्याच्या सुरक्षेस व सामरिक हितास बाध आणणारी माहिती नाकारण्याची तरतूद आहे. पण त्याच कलमात म्हटले आहे की, माहिती देण्यातील लोकहित तिच्यापासून होणाऱ्या हानीपेक्षा अधिक असेल तर ती देता येते. कलम १० सांगते की, कागदाचा जेवढा भाग नाजूक असेल तेवढाच झाकून उरलेला द्यावा. आणि कलम १९ प्रमाणे, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, मागणाऱ्यावर नाही. जीविताचा प्रश्न असेल तर ३० दिवसांऐवजी ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीतच आहे. तथापि एक मोठी फट उरते. नांदगावपेठचा प्रकल्प खाजगी आहे, तिरोड्याची वाहिनी खाजगी कंपनीने उभारलेली आहे. त्यांच्या दारात माहितीचा अर्ज थेट चालत नाही. तेथे नागरिकाची मदार केवळ नियामकावर. नियामकानेही गुप्ततेची चादर ओढली, तर विचारावयाचे कोणास?

परदेशातून काय घ्यावे, काय घेऊ नये

अमेरिकेने ह्या बाबतीत आपल्या आधी वाट चालून पाहिली आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने आपले अनेक कागद लोकांच्या नजरेआड केले आणि २००३ मध्ये 'ऊर्जाव्यवस्थेची नाजूक अभियांत्रिकी माहिती' असा एक वेगळा वर्ग निर्माण केला. २०१५ मध्ये तेथील संसदेने त्यास कायद्याचा आधार दिला. ह्या व्यवस्थेत दोन-तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. एखादी संरचना कोठे आहे, एवढेच सांगणारी माहिती नाजूक मानली जात नाही. नाजूक ठरविलेल्या कागदावर पाच वर्षांहून अधिक काळाचा शिक्का बसत नाही. तो वाढवावयाचा तर पुन्हा विचार करून बसवावा लागतो. आणि ज्याला योग्य कारणासाठी असा कागद हवा आहे, त्यास गुप्ततेचे लेखी वचन घेऊन तो देता येतो. आमच्या शाळेतील घंटेचाच हा मोठा अवतार.

परंतु त्याच देशाने एक चूकही केली आहे आणि ती आपण करू नये. जानेवारी २०१९ मध्ये तेथील एका वीज कंपनीला सायबर सुरक्षेच्या नियमांचे १२७ भंग केल्याबद्दल एक कोटी डॉलरचा दंड झाला; अधिकृत कागदात कंपनीचे नाव झाकलेले होते. नावे जाहीर करावीत की नाहीत ह्यावर पुढे विचार झाला, आणि २०२० मध्ये ती झाकूनच ठेवण्याचे ठरले. दुरुस्ती होईपर्यंत नाव झाकणे समजू शकते. पण दुरुस्ती झाल्यावरही पहारेकरी कोठला झोपला होता हे त्याचा पगार देणाऱ्यास सांगावयाचे नाही, हा न्याय आम्हांस उमगत नाही. अशाने गुप्तता पुढे जाळ्याचे रक्षण करण्याऐवजी हलगर्जीपणाचे रक्षण करू लागते.

एक आक्षेप

ह्यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, एकेक माहिती निरुपद्रवी असते. परंतु दहा ठिकाणचे दहा तुकडे जोडले की शत्रूच्या हाती संपूर्ण चित्र लागते. हे खरे आहे. पण ह्याचा अर्थ प्रत्येक तुकडा झाकावा असा काढला, तर झाकण्याला अंतच राहणार नाही. वीजबिलावरील फीडरचे नावही खोडावे लागेल. जोडलेले चित्र जेथे तयार होते, म्हणजे नियोजनाचे अभ्यास, संपूर्ण आराखडे, संगणकीय प्रतिमाने, तेथे कडक पहारा ठेवा. ती लेखी वचनावर निवडक अभ्यासकांनाच द्या. सुटे तुकडे, ज्यांवर शेतकऱ्याची भरपाई, कारखानदाराचा धंदा आणि मृताच्या वारसाचा न्याय अवलंबून आहे, ते लोकांकडेच राहू द्या. शिवाय २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची वेळापत्रके गावोगावच्या वृत्तपत्रांत छापून येत होती, गळती व वसुलीप्रमाणे गावांचे गट जाहीर होत होते. कोणता भाग कोणत्या तासाला अंधारात असेल हे शत्रूला घरपोच कळत होते. त्याचा फायदा शत्रूने घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्रास मात्र आपण सर्वांनी भोगला, आणि वेळापत्रक ठाऊक होते म्हणून तो थोडा सुसह्य झाला.

आमच्या सूचना

म्हणून सरकारने आणि नियामक आयोगाने पाच गोष्टी कराव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पहिली, विजेच्या जाळ्याविषयी कोणत्या प्रकारची माहिती गुप्त आहे ह्याची वर्गवार यादी मराठीत प्रसिद्ध करावी. गुपित झाकलेले असावे, पण गुपितांची यादी झाकलेली नसावी. दुसरी, प्रत्येक गुप्त कागदावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, तारीख आणि गुप्ततेची मुदत लिहिलेली असावी. तिसरी, जीवितहानी, पुरवठा खंडित होणे, भरपाई आणि मोबदला ह्यांसंबंधीची माहिती सुरक्षेच्या कारणाने नाकारता येणार नाही, असे नियमातच स्पष्ट लिहावे. चौथी, मोठा खंड पडला की त्याच्या चौकशीचा अहवाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. त्यातील नाजूक ओळी खुशाल काळ्या कराव्यात, पण अहवाल एकच असावा, म्हणजे मंत्री दोन असले तरी उत्तर एकच राहील. पाचवी, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक वीज कंपनीने दरवर्षी तीन साध्या प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे द्यावीत: सुरक्षा तपासणी झाली काय? त्यातील किती दोष दूर झाले? किती उरले? दोष कोणते हे सांगू नये. किती हे सांगावे.

ह्यातील शेवटच्या सूचनेसाठी नवा कायदाही नको. दरवाढीच्या प्रस्तावावर नियामक आयोग ज्या गावांत जाहीर सुनावणी घेतो त्यांत अमरावती आहे. तेथे युनिटमागे किती पैसे वाढणार ह्यावर रास्त संताप व्यक्त होतो. वीज कंपन्या सायबर सुरक्षेवर जो खर्च करतात तोही अखेर ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो. ज्याच्या बिलातून कुलपाचे पैसे जातात, त्याने कुलूप बसविले की नाही एवढे विचारणे हा उद्धटपणा खचित नव्हे. पुढील सुनावणीस अमरावती-अकोल्याच्या ग्राहक संघटनांनी, डाळ मिल व जिनिंगच्या मालकांनी आणि बागाईतदारांनी दरांच्या प्रश्नाबरोबर हे तीन प्रश्नही लेखी द्यावेत आणि उत्तर नोंदवून घ्यावे. ते उत्तर आले तर आम्ही ते ह्याच पानावर छापू. आणि न आले तर तेही छापू.